रस्त्याकडेच्या सोसायट्यांना खुलं पत्र : झाडं तोडायच्या आधी त्यांच्या बुंध्याखाली बघा

मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या सगळ्या सोसायट्यांच्या कमिटी मेंबरांना आणि सभासदांना,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात एका मोठ्या रस्त्यालगतच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहते, एकवीस वर्षं झाली. सोसायटीचं नाव लिहीत नाहीये कारण मला कुणाला उघडं पाडायचं नाहीये, आणि दुसरं म्हणजे जे आमच्याकडे झालं तेच तुमच्यापैकी कितीतरी जणांकडे झालंय किंवा होणार आहे. पुढच्या महिन्यात आमची जनरल बॉडी आहे आणि अजेंड्यावर विषय आहे, रस्त्याच्या बाजूची नऊ झाडं काढायची परवानगी मागायची आणि तिथे आणखी गाड्या लावायला जागा करायची. त्यावरून ग्रुपवर गेले पंधरा दिवस रणकंदन चाललंय. एक गट म्हणतोय झाडं रस्त्याचा आवाज निम्मा करतात, तोडलीत तर झोप उडेल. दुसरा गट म्हणतोय की आवाजाबिवाजाच्या गप्पा खोट्या आहेत, झाडाने दोन-तीन डेसिबल पण कमी होत नाही, मग ठेवायची कशाला. दोन्हीकडून फॉरवर्ड येतायत. मी दोन्ही बाजूंचं वाचलं, मग मागे लागून जरा नीट वाचलं, मोबाईल घेऊन उभी राहिले, आणि आता माझं म्हणणं असं झालंय की दोन्ही बाजू झाडाकडे बघतायत आणि झाडाच्या पायाशी जे आहे, किंवा होतं, त्याकडे कुणीच बघत नाहीये.

आधी आमच्या घरातलं सांगते.

माझे सासरे, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, ८१ वर्षांचे आहेत आणि त्यांना दोन्ही कानांना मशीन आहे. ज्यांच्या घरात कानाचं मशीन आहे त्यांना माहितीये की ते मशीन सगळंच मोठं करतं, बोलणं पण आणि रस्ता पण. अप्पा सकाळी साडेसहा ते आठ गॅलरीत बसायचे, चहा, पेपर, आणि समोरच्या गुलमोहराच्या वाळक्या फांदीत तांबट पक्ष्याचं बीळ होतं, तो फेब्रुवारीपासून जे टुक टुक टुक सुरू करायचा ते थेट पावसाळ्यापर्यंत. वय झालं की बारीक आणि उंच पट्टीचे आवाज आधी जातात, चिमणी-शिंजीर त्यांना ऐकूच येत नाहीत कित्येक वर्षं, पण तांबटाचा आवाज ठोक्यासारखा, तो यायचा. "आला बघ कारागीर," असं म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी सोसायटीचं सुशोभीकरण झालं. रस्त्याच्या बाजूला बारा फुटांची मातीची पट्टी होती, त्यात मेंदीचं कुंपण, चार-पाच जास्वंदी, अडुळसा, कुणीतरी लावलेली कण्हेर, आणि वर झाडं. ती पट्टी उकरून तिथे पेव्हर ब्लॉक टाकले, झाडांच्या बुंध्याला अगदी चिकटवून. मेंदी उपटली. साडेपाच फुटांची जुनी दगडी कंपाउंड वॉल पाडून त्या जागी लोखंडी ग्रिल आलं, दिसायला छान. झाडांच्या खालच्या फांद्या गाडीच्या टपाला लागतात म्हणून दहा-बारा फुटांपर्यंत साफ केल्या, आणि त्यातच ती वाळकी फांदीपण गेली, धोकादायक म्हणून. तांबट वाळक्या फांदीतच बीळ कोरतो, ओल्या लाकडात नाही, हे फांदी पाडणाऱ्याला कोण सांगणार.

त्यानंतर अप्पा गॅलरीत बसतात पण मशीन काढून ठेवतात. हाक मारली तर कळत नाही, हात लावावा लागतो. मी विचारलं तर म्हणाले, डोकं भणभणतं गं, त्यापेक्षा शांत बरं. आता एक गोष्ट लक्षात घ्या, झाडं त्या वेळेला एकही तुटलं नव्हतं. नऊच्या नऊ झाडं जागेवर होती, आजही आहेत. रस्ता तोच, सिग्नल तोच. आणि तरी खालच्या दोन मजल्यांवरच्या प्रत्येक घरात हेच बोलणं, की आवाज वाढलाय. तेव्हा सगळ्यांनी ट्रॅफिकला नावं ठेवली, मी पण ठेवली.

हे कशाने झालं ते मला शेजारच्या सोसायटीमुळे कळलं. त्यांची बिल्डिंग आमच्याच लाइनीत, रस्त्यापासून तेवढीच लांब, पण त्यांच्याकडे पैसे नव्हते म्हणून सुशोभीकरण राहिलं, जुनी भिंत तशीच, मातीची पट्टी तशीच, मेंदी माणसाच्या छातीएवढी वाढलेली, पालापाचोळा पडलेला. एका रविवारी सकाळी साडेसहाला मी मोबाईलमधलं आवाज मोजायचं अॅप लावून आधी त्यांच्या जिन्याच्या दाराशी पंधरा मिनिटं उभी राहिले, मग आमच्या जिन्याच्या दाराशी पंधरा मिनिटं, आणि पुढच्या रविवारी उलट्या क्रमाने परत तेच केलं. मोबाईलचा आकडा काही प्रमाण मानायचा नसतो, तो चार-पाचने इकडे तिकडे असतो, पण एकाच मोबाईलवर दोन जागांमधला फरक बघायला चालतो. दोन्ही रविवारी फरक चारच्या आसपास आला. त्यांच्याकडे ६४, आमच्याकडे ६८.

चार डेसिबल म्हणजे काय, हे ग्रुपवर एकालाही माहीत नव्हतं असं मला वाटतं, कारण सगळे म्हणाले चारच ना. डेसिबलचं मोजमाप रुपये-पैशासारखं सरळ चढत नाही. आवाजाची ताकद दुप्पट झाली की आकडा फक्त तीनने वाढतो. म्हणजे रस्त्यावरची वाहनं बरोब्बर निम्मी केली, बाकी वेग बीग तसाच ठेवला, तर मीटरवर फक्त तीन डेसिबल कमी दिसतील. महापालिकेने उद्या जाहीर केलं की तुमच्या रस्त्यावरची निम्मी वाहनं बंद, तर आपण पेढे वाटू, आणि इथे त्याहून जास्त फरक एक भिंत, एक मातीची पट्टी आणि एक कुंपण मिळून देत होतं आणि ते आपण स्वतःच्या मेंटेनन्सच्या पैशाने काढून टाकलं. अर्थात कानाला तो निम्मा वाटत नाही, कानाला निम्मा वाटायला दहा डेसिबल कमी व्हावे लागतात, म्हणून "झाडं आवाज निम्मा करतात" वाले पण चुकतायत. तुम्हाला माहिती असावं म्हणून, आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. आम्ही रविवारी सकाळी, रस्ता जवळजवळ रिकामा असताना, ६८ वर होतो. सोमवारी संध्याकाळी सातचा आकडा मी लिहीतच नाही.

आता झाडांचं खरं खरं.

एक ओळ झाडांची, खाली बुंधे मोकळे आणि वर छत्री, अशी असली तर तिने मीटरवरचा आकडा जवळपास हलत नाही. हे मला पण वाचून वाईट वाटलं. अमेरिकेच्या महामार्ग खात्याने सांगितलेला आकडा असा आहे की दहा डेसिबल कमी करायला ६१ मीटर रुंदीचा, म्हणजे २०० फुटांचा, दाट झाडोऱ्याचा पट्टा लागतो, त्यातून आरपार दिसता कामा नये इतका दाट. आपल्याकडे बारा फूट आहेत. आणि जंगल असून सुद्धा पुरत नाही याचं आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे, नागपूरहून वर जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या वाघांच्या जंगलातून जातो, तिथे दोन्ही बाजूंना सागाचं रान उभं असतानाही जनावरांसाठी पुलांखालून वाटा ठेवल्या आणि वर आवाज आणि गाड्यांचा उजेड अडवायला भिंती लावल्या. वाघाची झोप मोडू नये म्हणून नुसत्या झाडांवर विसंबले नाहीत, मग माणसांच्या वस्तीत नऊ झाडांवर सगळा भार टाकणं हा झाडांवर पण अन्याय आहे.

झाड आवाज का अडवू शकत नाही आणि कुठला अडवू शकतं, हे समजायला जरा आवाजाची लांबी बघावी लागते. आवाज लाटेसारखा येतो. बसच्या किंवा डंपरच्या इंजिनाची जी घरघर असते, खिडकीची काच थरथरते ती, तिची एक लाट तीन-साडेतीन मीटर लांब असते. तिच्यापुढे करंजाचं पान म्हणजे काहीच नाही, ती पानांना वळसा घालून सरळ घरात येते. टायर रस्त्यावर घासतात तो सूंऽऽ आवाज, त्याची लाट साधारण एक फूट-सव्वा फूट. तो पण बऱ्यापैकी निसटतो. पण हॉर्नमधला जो कर्कश भाग असतो, कानात सुई टोचल्यासारखा, त्याची लाट आठ-दहा सेंटीमीटरची, म्हणजे पिंपळाच्या पानाएवढी. तिथे पान कामाला येतं. दाट पाल्यावर तो आवाज आपटतो, इकडेतिकडे फुटतो, विखुरतो, थोडा जिरतो. म्हणून दाट झाडीमागे उभं राहिलं की ट्रॅफिक ऐकू येतंच पण बोथट ऐकू येतं, धार गेलेली असते. मीटरला ही धार फारशी दिसत नाही. कानाला दिसते, आणि अप्पांच्या मशीनला तर फारच दिसते.

मातीचं काम याहून वेगळं आहे आणि मला वाटतं आपण सगळ्यात जास्त तिथेच हुकलोय. रस्त्यावरचा आवाज आपल्यापर्यंत दोन वाटांनी येतो, एक सरळ आणि एक जमिनीवर आपटून. जमीन सिमेंटची असली तर आपटलेला आवाज जसाच्या तसा वर येतो. माती भुसभुशीत असली, त्यावर पालापाचोळा असला, तर आवाज मातीच्या बारीक बारीक भोकांमधे शिरतो आणि तिथेच मरतो. नवीन फ्लॅटचा ताबा घेतो तेव्हा रिकाम्या हॉलमधे आपलंच बोलणं कसं घुमतं ते आठवा, आणि गाद्या, पडदे, सोफा आला की घुमणं आपोआप थांबतं. बारा फुटांची मातीची पट्टी ही सोसायटीची गादी होती. आणि ती भुसभुशीत का राहते, तर झाडाची मुळं तिला पोकळ करत राहतात, गांडुळं असतात, पानं पडतात, कुजतात. झाड आवाज अडवतं ते अर्धं असं खालून अडवतं, वरून नाही. पेव्हर टाकले की झाड उभं दिसतं आणि त्याचं हे काम संपलेलं असतं, आणि मग आपणच म्हणतो की झाडाचा काही उपयोग नाही.

पाचव्या-सहाव्या मजल्यावरच्या मंडळींना मी खोटं आश्वासन देणार नाही. माती, कुंपण, भिंत याचा फायदा तळमजला, पहिला, फार तर दुसरा मजला, इथपर्यंतच. तुम्ही वरून रस्ता बघता, रस्ता तुम्हाला बघतो, मधे आडवं काही नाही. तुमच्यासाठी झाडाचा शेंडा आहे आणि त्यातून जे होतं ते आकड्यात कमी आणि कानात जास्त. वाऱ्यावर पानं सळसळतात, त्याखाली लांबचं ट्रॅफिक झाकलं जातं, हे पावसाळ्यात गॅलरीत बसलेल्या कुणालाही विचारा. खिडकीतून हिरवं दिसतं तिथल्या लोकांना तेवढ्याच आवाजाचा त्रास कमी होतो, असं लोकांना विचारून केलेल्या अभ्यासांत दिसलंय. कुणी म्हणेल हे मनाचे खेळ. पण झोप मनालाच लागते ना, चिडचिड पण मनालाच होते, मग मनाला बरं वाटलं तर ते खोटं कसं?

पक्ष्यांचं पण एक सांगायचंय. नेदरलँडमधे लायडन नावाचं शहर आहे, तिथल्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं की गोंगाटाच्या जागी राहणारे एका जातीचे पक्षी वरच्या पट्टीत गायला लागलेत, कारण खालची पट्टी ट्रॅफिकने भरून गेलीय. म्हणजे आपल्याला नको असलेला आवाज आत येतो एवढंच होत नाही, हवा असलेला आवाज बुडतो. आमच्याकडचा दयाळ आता रात्री अडीच-तीनला गातो. मला आधी वाटायचं केवढा छान, आता वाटतं त्याला बिचाऱ्याला दिवसा जागाच उरली नसेल.

आणि थंडीत बघा, डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे किती लांबचं ऐकू येतं, रेल्वेची शिट्टी एरवी कधी ऐकू येत नाही ती त्या दिवसांत अंथरुणात ऐकू येते. त्याचं कारण रात्री जमीन पटकन गार होते, वर गरम हवेचा थर राहतो, आणि वर जाणारा आवाज वाकून परत खाली येतो. नेमक्या त्याच दिवसांत रस्त्यावरचे ट्रक आपल्याला जास्त छळतात. म्हणून झाडं लावताना थंडीत आणि उन्हाळ्याच्या तोंडाला जी उघडीबोडकी होतात ती एकटी लावून उपयोग नाही. शिरीष, पांगारा, काटेसावर, गुलमोहर ही सगळी सुंदर झाडं आहेत, असू देत, पण आवाजाच्या बाजूला बकुळ, जांभूळ, कडुनिंब, करंज अशी पानं धरून ठेवणारी हवीत. करंज आणि कडुनिंब पण गळतात पण थोडेच दिवस, लगेच पालवतात. बऱ्याच सोसायट्यांनी भिंतीला लागून त्या उंच सुळक्यासारख्या खोट्या अशोकाची रांग लावलीय, नर्सरीवाले आवाजासाठी म्हणून तेच देतात. ते झाड जमिनीपासून पानं ठेवतं हा त्याचा गुण खरा, पण मग खालून भादरू नका. खालचे सहा फूट सोलून ठेवलेला खोटा अशोक म्हणजे दांडीवरचा झेंडा, आवाज खालून बिनधास्त येतो. आणि त्याच्या पुढे-मागे झुडपं हवीत, अडुळसा, तगर, कुंती, मेंदी, म्हणजे बुंध्यांच्या मधली फट बुजते. माणसाच्या कानाच्या आणि गाडीच्या टायरच्या उंचीला जे असतं ते महत्त्वाचं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगाची भिंत. भरीव भिंत. रस्ता दिसेनासा झाला की साधारण पाच डेसिबलचा फरक पडतो, हे त्याच अमेरिकन महामार्ग खात्याचं म्हणणं आहे, आणि हा फरक तळमजल्याच्या माणसाला जन्मभर पुरतो. पण ग्रिलमधून, फटीतून, भिंतीखालच्या भोकातून आवाज पाण्यासारखा गळतो, त्यामुळे ग्रिलला वेल चढवून भागणार नाही, आणि ग्रिलवर ती प्लॅस्टिकची हिरवी चटई लावून तर मुळीच नाही. भिंत नुसती उघडी ठेवली तर ती आवाज समोरच्या सोसायटीवर परत फेकते, तिथे पण आपल्यासारखीच माणसं राहतात, म्हणून भिंतीच्या रस्त्याकडच्या अंगाला पण वेल, झुडपं, जे जमेल ते. झाडं की भिंत असा वाद आमच्या ग्रुपवर तीन दिवस चालला, त्याला काही अर्थ नाहीये, भिंत खालचं अडवते, माती आपटलेलं गिळते, पाला हॉर्नची धार काढतो, तिघं मिळून एक काम करतात.

हॉर्नवरून आठवलं, आणि हे जरा मनाला लावून घ्या. मी त्या दोन रविवारी मोजत उभी होते तेव्हा मीटरने सगळ्यात उंच उडी मारली ती रस्त्यावरच्या गाडीमुळे नाही, आपल्याच गेटवर वॉचमनला उठवायला वाजवलेल्या हॉर्नमुळे. दूधवाला, कॅबवाले, आपले स्वतःचे सभासद. शाळेच्या दिवशी सकाळी पावणेसातला व्हॅनवाले दादा तीनदा वाजवतात कारण मुलगा लिफ्टमधे असतो. गाडी रिव्हर्स घेताना वाजणारं गाणं वेगळंच. काही वर्षांपूर्वी मुंबईत ट्रॅफिक पोलिसांनी काही सिग्नलला आवाज मोजायचं यंत्र जोडलं होतं, हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद परत पहिल्यापासून सुरू, वाजवा अजून. रस्त्यावर आपण तसं काही करू शकत नाही पण गेटच्या आत आपलंच राज्य आहे. गेटवर एक घंटीचं बटण बसवा, गाडीत बसून हात पोचेल असं. व्हॅनवाल्या दादांना सांगा की मिस कॉल द्या. एवढं केलं तरी अप्पांची सकाळ अर्धी सुधारेल.

आता जे प्रश्न ग्रुपवर येणार आहेत ते मला माहितीयेत.

माती ठेवली की डास होतात. डास साचलेल्या पाण्यात होतात, भुसभुशीत मातीत पाणी साचतच नाही, ते मुरतं. उलट आमच्याकडे पेव्हर टाकल्यापासून पहिल्या पावसात पार्किंगमधे घोटाभर पाणी असतं, ते कुणाला आठवत नाही का. पालापाचोळ्यात साप निघतील. वीस वर्षांत आमच्या पट्टीत दोनदा धामण निघाली, दोन्ही वेळेला सर्पमित्राला बोलावलं, पंधरा मिनिटांत घेऊन गेला. मुळांनी भिंत फुटते. वड-पिंपळ-उंबर भिंतीला चिकटून लावले तर फुटेल, बकुळ आणि कुंतीने नाही फुटत. झाड पडेल गाडीवर. झाड पडतं ते बहुतेक वेळा आपणच त्याची मुळं ड्रेनेजसाठी तोडलेली असतात, बुंध्यापर्यंत सिमेंट ओतून त्याचा श्वास बंद केलेला असतो, एका बाजूच्या फांद्या छाटून तोल घालवलेला असतो. दिल्लीत तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ सालीच सांगितलं की झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं सिमेंट काढा. आपल्या आज्यांना हे लवादाशिवाय माहीत होतं, झाडाला आळं करतात, आळ्यात माती मोकळी करतात. आळं हा शब्दच आपल्या मुलांना माहीत नाहीये आता.

राहिलं पार्किंग. हा प्रश्न खरा आहे, त्याला मी उडवून लावत नाही. आमच्याकडे ४८ फ्लॅट आहेत आणि चारचाकी साठच्या वर. पण त्या बारा फुटांत जास्तीत जास्त अकरा गाड्या बसतात, त्यासुद्धा तिरक्या, आणि अकरा घरांच्या सोयीसाठी खालच्या दोन मजल्यांवरच्या सोळा घरांनी दिवसरात्र रस्ता घरात घ्यायचा, हे मला पटत नाही. दोन्हींच्या मधली एक वाट आहे, साध्या ब्लॉकच्या ऐवजी जाळीचे ब्लॉक टाकता येतात, मधे माती आणि गवत राहतं, गाडीपण उभी राहते. पूर्ण मातीइतकं ते चांगलं नाही पण सिमेंटपेक्षा कितीतरी बरं.

आणि जे म्हणतायत की नऊ तोडू, बदल्यात दुसरीकडे लावू, त्यांना दोन गोष्टी. पहिली कायद्याची, खाजगी आवारातलं झाड असलं तरी आपल्या मर्जीने तोडता येत नाही, १९७५ चा झाडांचं संरक्षण आणि जतन करायचा महाराष्ट्राचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ मधल्या बदलानंतर झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची अट आली, पन्नास वर्षांच्या वरच्या झाडाला तर वारसा वृक्ष म्हणतात. आमचे करंज बिल्डिंगच्या आधीचे आहेत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कार्बनचा हिशोब तुम्ही म्हणाल तर लांबच्या टेकडीवर झाडं लावून जुळेल, आवाजाचा हिशोब जागेवरच जुळवावा लागतो. टेकडीवरचं रोप माझ्या खिडकीसमोरचा हॉर्न बोथट करत नाही. आणि इथेच रोप लावलं तरी त्याला माझ्या गॅलरीपर्यंत पोचायला दहा-बारा वर्षं लागतील, अप्पा ८१ चे आहेत.

खिडक्या बदला असंही एकाने सुचवलंय, डबल काचेच्या. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर बदलाव्यात, फरक पडतो, पण खिडकी बंद असेल तरच पडतो, आणि मे महिन्यात खिडकी बंद म्हणजे एसी, आणि आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांत एसी नाहीये. तळमजल्यावरच्या वॉचमनच्या खोलीला तर खिडकीला नीट झडपच नाही, तिथे तो, त्याची बायको आणि एक वर्षाची मुलगी झोपतात, रस्त्यापासून वीस फुटांवर. ती मुलगी दुपारी दोन ते चार झोपते, मी वरून बघते, बस थांबली आणि ब्रेक लागला की दचकते, परत झोपते, परत दचकते. या विषयावर तिचं मत कुणी विचारणार नाहीये म्हणून मी इथे लिहितेय.

तर माझं मागणं साधं आहे. आमच्या कमिटीकडे मी लेखी देतेय, तुम्ही तुमच्याकडे द्या. नऊ झाडं तोडायचा विषय यंदा मागे घ्या. त्याच्या जागी एवढंच करू, गेटपासून पहिल्या तीन करंजांपर्यंत, साधारण चाळीस फूट लांबीत, पेव्हर उचलू, खालचं सिमेंट फोडू, शेणखत आणि पालापाचोळा मिसळून माती भरू, आळी करू, मधे अडुळसा आणि मेंदी लावू, आणि तेवढ्या लांबीत ग्रिलच्या आतून साडेपाच फूट विटांची भिंत घेऊ. उरलेली लांबी आहे तशी राहू दे. पेव्हर फेकायचे नाहीत, मागच्या बाजूला रचून ठेवू, जमलं नाही तर परत बसवायला. काम सुरू करायच्या आधी दोन रविवार आणि भिंत झाल्यावर दोन रविवार, एकाच मोबाईलवर, सगळ्यांसमोर मोजू, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर झुडपं भरली की परत. झाडं ठेवावीत म्हणणाऱ्यांनी पण यावं आणि तोडा म्हणणाऱ्यांनी पण यावं. आकडा माझ्या बाजूने आला नाही तर तो पण मी ग्रुपवर टाकेन, जसा असेल तसा.

मजुरीचा अंदाज मी काढून आणलाय, जनरल बॉडीत देईन. दोन दिवसांचं काम मी, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि कॉलेजातली तीन मुलं हाताने करायला तयार आहोत, पहारी आणि घमेली शेजारच्या सोसायटीचा माळी देतो म्हणालाय, फक्त भिंतीला गवंडी लागेल. आणि गुलमोहराची पुढची वाळकी फांदी, पश्चिमेकडची, जी गाड्यांच्या वर येत नाही, ती कृपा करून छाटू नका. परवा तिच्यावर तांबट येऊन बसला होता, खालच्या अंगाला चोच मारून बघत होता. मी अप्पांना हात लावून सांगितलं, त्यांनी मशीन लावलं, पण तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला.

आपली,
पहिल्या मजल्यावरची एक सभासद